रब्बीचे शिक्षण

रब्बी म्हणजे यहुदी धर्मशास्त्राचा जाणकार आणि त्या शास्त्रानुसार निर्णय देण्याचा अधिकार मिळालेला गुरू. तो पुरोहित नव्हे. पुरोहितपद, म्हणजे 'कोहेन' असणे, जन्माने येते, आणि इ. स. 70 मध्ये रोमनांनी जेरूसलेमचे मंदिर पाडल्यापासून त्या पदाची बहुतेक कामे थांबली आहेत. रब्बीपद मात्र अभ्यासानेच मिळवावे लागते. सिनेगॉगमधली, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळातली, प्रार्थना रब्बीशिवायही होते. तिला दहा जणांचा 'मिन्यान' लागतो, रब्बी लागत नाही. रब्बी लागतो तो प्रश्न अडतो तेव्हा.

या शिक्षणातला सर्वांत अवघड भाग पाठांतराचा नाही. पानावर जे लिहिलेले नाही ते अचूक वाचता येणे, हा तो भाग. तोराच्या (बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांच्या) गुंडाळीत स्वर नसतात, तालमूदात (धर्मनियम आणि त्यांवरच्या चर्चेच्या ग्रंथात) विरामचिन्हे नसतात, आणि विचारायला आलेला माणूस निम्मी हकीकत सांगायची विसरलेला असतो. तिन्ही ठिकाणची उणीव विद्यार्थ्याने भरून काढायची असते.

हिब्रू : या लिपीत 22 अक्षरे आहेत आणि ती सगळी व्यंजनेच आहेत. पाच अक्षरे शब्दाच्या शेवटी वेगळ्या आकारात लिहितात. लेखन उजवीकडून डावीकडे. स्वर दाखवायचे तर अक्षरांच्या खाली-वर टिंबे आणि रेघा देतात. त्यांना 'निकुद' म्हणतात. प्रार्थनापुस्तकात आणि छापील बायबलमध्ये निकुद असते, चर्मपत्रावरच्या गुंडाळीत नसते. मराठीतले काने, मात्रा, वेलांट्या आणि उकार पुसून टाकले तर 'मल' ही दोन अक्षरे माल, मेल, मूल, मोल, मुला यांपैकी काहीही असू शकतील. वाक्य समजले तरच शब्द कळेल. हिब्रूत ही अडचण किती खोल जाते त्याचे उदाहरण तालमूदातच आहे. 'करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको' ही आज्ञा तोरात तीनदा येते. त्यातला ह-ल-ब हा शब्द 'हालाव' वाचला तर दूध, 'हेलेव' वाचला तर निषिद्ध चरबी. अक्षरे तीच. मांस आणि दूध वेगळे ठेवणारे अख्खे यहुदी स्वयंपाकघर पहिल्या वाचनावर उभे आहे, आणि ते वाचन परंपरेने तोंडी चालत आलेले आहे. तालमूदाच्या सानहेद्रिन या प्रबंधात या शब्दावरून रीतसर वाद घातलेला सापडतो.

शब्द बहुधा तीन अक्षरी धातूपासून घडतात. क-त-ब पासून 'कातव' (त्याने लिहिले), 'मिख्ताव' (पत्र), 'केतुबा' (विवाहाचा करारनामा); अरबीतून मराठीत आलेला 'किताब' याच सेमिटिक घराण्यातला. नवशिक्याने धातू ओळखून क्रियापदाचे सात 'बिन्यान', म्हणजे घडणीचे साचे, पक्के करायचे असतात. इस्रायलमध्ये आजचे हिब्रू बोलत वाढलेल्यांची वेगळीच अडचण होते : त्यांना शब्द ओळखीचा वाटतो आणि अर्थ भलताच निघतो. 'हश्माल' म्हणजे आज वीज. यहेज्केल या संदेष्ट्याच्या बायबलमधल्या ग्रंथात तो अग्नीतून चमकणारा एक तेजस्वी पदार्थ आहे. बायबलमधल्या 'वायोमेर'चे रूप भविष्यकाळासारखे दिसते, पण आरंभीच्या 'व'मुळे अर्थ होतो 'आणि तो म्हणाला'. तालमूदाची अरामी भाषा तर वेगळी शिकावीच लागते. अरामीत 'मल्का' म्हणजे राजा, हिब्रूत 'मल्का' म्हणजे राणी. शेवटचे अक्षर वेगळे असते, पण घाईत ते निसटते.

तोरावाचन : तोराची पाच पुस्तके 54 आठवडी भागांत वाटलेली आहेत. गुंडाळीत सुरावटीच्या खुणाही नसतात. म्हणून वाचणारा 'तिक्कून' नावाच्या पुस्तकावर तयारी करतो : एका स्तंभात स्वर आणि सुरांच्या खुणांसह मजकूर, शेजारी तोच मजकूर गुंडाळीसारखा बोडका. आधी अर्थ लावायचा, मग खुणांचा स्तंभ गाऊन पाहायचा, मग तो झाकून बोडका स्तंभ वाचायचा. अर्थ न लावता चाल पाठ करणारा सिनेगॉगमध्ये हमखास अडखळतो, कारण समान दिसणाऱ्या दोन ओळींत त्याला धरायला काही नसते. अर्थ बदलणारी चूक झाली की वाचकाला तिथेच थांबवून शब्द पुन्हा वाचायला लावतात. आघात चुकला तरी अर्थ बदलतो. उत्पत्ती या तोराच्या पहिल्या पुस्तकाच्या 29व्या अध्यायात राहेलबद्दल 'बाआ' हा शब्द दोनदा येतो. सहाव्या वचनात आघात शेवटच्या अवयवावर : ती येत आहे. नवव्यात पहिल्यावर : ती आली. अकराव्या शतकातला फ्रान्समधला भाष्यकार राशी (1040–1105) हा फरक मुद्दाम नोंदवून ठेवतो.

तालमूद : अभ्यासाचा सर्वाधिक वेळ इथे जातो. 'मिश्ना' हा इ. स. 200च्या सुमारास संकलित झालेला, 63 प्रबंधांचा नियमसंग्रह. 'गेमारा' ही त्यावरची चर्चा. दोन्ही मिळून तालमूद. बाबिलोनी गेमारा 37 प्रबंधांवर आहे. रोज एक पान वाचायचा 'दफ योमी' हा क्रम 1923 मध्ये सुरू झाला. त्याची 2711 पाने पुरी व्हायला सुमारे साडेसात वर्षे लागतात. येशिवातला, म्हणजे तालमूद शिकवणाऱ्या पाठशाळेतला, अभ्यास यापेक्षा फार सावकाश चालतो.

पानाची मांडणी व्हेनिसच्या बॉम्बर्ग छापखान्याने 1520–23 मध्ये रुळवली, आणि 1880च्या दशकातली विल्ना आवृत्ती आजही प्रमाण मानतात. मधोमध मिश्ना-गेमारा, बांधणीच्या बाजूला राशीचे भाष्य, बाहेरच्या बाजूला 'तोसाफोत', म्हणजे राशीनंतरच्या पंडितांच्या टिपा. राशीचे भाष्य 'राशी लिपी'त छापतात. ती त्याची स्वतःची नव्हे, छापखान्यांनी निवडलेली एक वळणदार लिपी आहे. ती डोळ्यांना सवयीची व्हायला काही आठवडे जातात. जवळजवळ प्रत्येक प्रबंध पान 2 पासून सुरू होतो.

पहिल्याच प्रबंधाचे, 'बेराखोत'चे, पहिले वाक्य विचारते : रात्रीचा 'शेमा' (देव एकच असल्याची घोषणा करणारा नित्यपाठ) कोणत्या वेळेपासून म्हणावा? गेमारा लगेच म्हणते, 'तन्ना हेखा काइ', आणि थोड्या ओळींनी, 'तन्ना अक्रा काइ'. पहिल्याचा अर्थ : मिश्नाकार कशाच्या आधारावर उभा आहे? म्हणजे शेमा म्हणायलाच हवा हे सिद्ध न करता थेट वेळ का विचारतो? दुसऱ्याचा अर्थ : तो शास्त्रवचनावर उभा आहे ('निजताना आणि उठताना'). कर्ता तोच, क्रियापद तेच. एक वाक्य हरकत घेते, दुसरे तिला उत्तर देते, आणि पानावर दोन्ही एकाच सपाट ओळीत वाहतात. नवशिका हरकतीलाच सिद्धांत समजतो आणि पुढचे अर्धे पान उलटे वाचत जातो. म्हणूनच येशिवात मुकाट वाचन चालत नाही. विद्यार्थी मोठ्याने, हेल काढून वाचतात. हेल वर गेला की प्रश्न, खाली आला की उत्तर. समजले की नाही ते आवाजावरून कळते.

वाचन दोघांच्या जोडीने होते. जोडीला 'हव्रूता' म्हणतात आणि अभ्यासाच्या दालनाला 'बेत मिद्राश'. दालनात शांतता नसते, आणि नवख्या पाहुण्याला ते भांडण वाटते. क्रम साधारण असा : एकाने ओळ वाचून भाषांतर करायचे, दुसऱ्याने हरकत घ्यायची, हे विधान कोणाचे, मिश्नेचे की मिश्नेबाहेरच्या वचनाचे, ते आरंभीच्या ठरीव शब्दावरून ओळखायचे ('तनान' असेल तर मिश्ना, 'तानू रब्बानान' असेल तर बाहेरचे), मग राशी, मग तोसाफोत. त्यानंतर गुरूचा पाठ, 'शिऊर'. स्वतः झगडण्याआधीच राशी किंवा छापील भाषांतर उघडणे हा सर्वांत महाग पडणारा आळस आहे, कारण राशीने कोणती अडचण सोडवली तेच मग कळत नाही. जोडीत एक फार पुढे आणि दुसरा फार मागे असेल तर मागचा नुसता श्रोता उरतो. अशी जोडी वेळीच बदललेली बरी. काही चर्चा 'तेइकू' या शब्दावर संपतात : प्रश्न तसाच उभा राहतो.

निर्णयशास्त्र : पदवीची पारंपरिक परीक्षा योसेफ कारोच्या 'शुल्हान आरूख' या संहितेवर होते. ती 1565 मध्ये व्हेनिसला छापली गेली. क्राकोच्या मोशे इस्सरलेसच्या टिपांसह अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या परंपरेचे यहुदी, ती मानतात. तिच्या चार भागांपैकी 'योरे देआ' मुख्य : मांसाला मीठ लावणे, मांस आणि दूध, मिसळलेले पदार्थ. मांस अर्धा तास पाण्यात भिजवायचे, तासभर मीठ लावून रक्त निथळेल असे ठेवायचे, मग तीनदा धुवायचे. यकृताला मीठ पुरत नाही, ते विस्तवावर भाजावेच लागते.

परीक्षेत विचारतात तो नमुना प्रश्न असा : उकळत्या मटणाच्या भांड्यात दुधासाठी वापरायचा चमचा फिरवला गेला. साठपट हा नियम सगळ्यांना येतो, म्हणजे एक भाग दुधाला साठ भाग इतर पदार्थ असले तर त्याची चव लोपली असे धरतात. पण चमच्यावर दूध दिसत नसले तरी धातूत मुरलेली चव मोजायची असते, म्हणून चमच्याचा जेवढा भाग बुडाला तेवढ्याच्या साठपट हवे. त्याआधी विचारायचे : तो चमचा गेल्या चोवीस तासांत गरम दुधात वापरला होता का? नसेल तर मुरलेली चव बिघडलेली धरतात आणि अन्न चालते. आकडेमोडीकडे धावणारा विद्यार्थी हा प्रश्न विसरतो आणि एखाद्या घरचे चांगले अन्न फेकायला लावतो.

प्रार्थना : दिवसातून तीन प्रार्थना, शाहरीत, मिनहा आणि मारीव. गाभा 'अमिदा', उभ्याने म्हणायची. तिचे दुसरे नाव 'अठरा' असले तरी तिच्यात 19 आशीर्वचने आहेत. विद्यार्थ्याला शब्दांइतकीच 'नुसाह', म्हणजे दिवसाप्रमाणे बदलणारी पाठपद्धती आणि चाल, यावी लागते, आणि चुकले तर कुठे परतायचे तेही. नवव्या आशीर्वचनात हिवाळ्यात पावसाची मागणी घालतात. इस्रायलबाहेर ती 4 डिसेंबरच्या रात्री सुरू होते, लीप वर्षाच्या आधीच्या वर्षी 5 डिसेंबरला. ती राहून गेली आणि सोळाव्याच्या आत आठवली तर सोळाव्यात घालावी. नंतर आठवली तर नवव्याकडे परत. अमिदा पुरी झाल्यावर आठवली तर सगळी पुन्हा. या तारखा बाबिलोनच्या पावसावरून ठरल्या. कोकणात त्या वेळी आभाळ कोरडे असते. ज्यांना उन्हाळ्यात पाऊस हवा त्यांनी तो सोळाव्यात वैयक्तिकरीत्या मागावा, अशी तोड शुल्हान आरूखात आहे.

कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजापाशी परंपरेने रब्बी नव्हते; धार्मिक कामे काझी आणि पुढे सिनेगॉगचे हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, पाहत. शेमाचा पाठ मात्र त्यांनी जपला होता. मुंबईचे पहिले सिनेगॉग 1796 चे. एकोणिसाव्या शतकात कोचीहून शिक्षक आले. जॉन विल्सन यांचे मराठीतले हिब्रू व्याकरण 1832 मध्ये निघाले, मराठी भाषांतरासह 'हग्गादा' (वल्हांडण सणाच्या रात्री वाचायचे पुस्तक) मुंबईत 1846 आणि पुण्यात 1874 मध्ये छापली गेली, आणि जोसेफ इझेकिएल राजपूरकर यांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. हिब्रूतल्या 'त्सादे' अक्षरासाठी इंग्रजीला दोन अक्षरे जोडावी लागतात. मराठी जिभेला 'चूल'मधला च आधीच येतो.

संस्था आणि पदवी : व्होलोझिनची येशिवा (1803) पूर्व युरोपातल्या येशिवांचा नमुना ठरली. आधुनिक विद्यापीठीय पद्धत ब्रेस्लाउ (1854), बुडापेस्ट (1877), सिनसिनाटीचे हिब्रू युनियन कॉलेज (1875) अशा संस्थांतून आली. या पद्धतीत इतिहास, प्रवचन आणि रुग्णभेटीचेही शिक्षण मिळते, आणि अभ्यासक्रम साधारण पाच वर्षांचा असतो. रेगिना योनास यांना 1935 मध्ये जर्मनीत अधिकारपत्र मिळाले. त्या पहिल्या स्त्री रब्बी. ऑर्थोडॉक्स पंथात स्त्रियांच्या अधिकारपत्रावर आजही मतभेद आहेत.

अधिकारपत्राला 'स्मिखा' म्हणतात. त्यातले शब्द सानहेद्रिनच्या पाचव्या पानावरून आले आहेत. रब्बा बार हाना बाबिलोनला निघाला तेव्हा त्याच्या चुलत्याने मिश्नाचा संकलक यहूदा हानासी याला विचारले : योरे? यादिन? याने धार्मिक निर्णय द्यावा का, दाव्यांचा निवाडा करावा का? उत्तर आले : योरे. यादिन. पानावर विचारणा आणि मंजुरी हुबेहूब एकच शब्द आहेत. पुढे राव नावाचा विद्वान निघाला तेव्हा त्यालाही हे दोन्ही अधिकार मिळाले. पण पहिल्या जन्मलेल्या, म्हणून पवित्र मानलेल्या, जनावरांत वैगुण्य पाहून ती वापराला मोकळी करण्याचा तिसरा अधिकार नाकारला गेला. आजही 'योरे योरे' आणि 'यादिन यादिन' ही दोन वेगळी अधिकारपत्रे आहेत, आणि दुसरे धर्मन्यायालयात बसणाऱ्यांसाठी असते.