नवव्या महिन्यातली कंबर आणि दबलेली नस

सोलापूरच्या पूर्वभागात विड्या वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन तासन् तास वाकून बसतात. दिवस गेले तरी काम सुटत नाही. अशा बाईची कंबर धरली तर घरात कुणाला नवल वाटत नाही. तसं पाहिलं तर निम्म्याहून अधिक गरोदर बायकांची कंबर दुखतेच. पोटाचं ओझं पुढे झुकतं, कंबरेचा बाक वाढतो, रिलॅक्सिन या हार्मोनने सांध्यांचे बंध सैलावतात.

मणक्यांमधली गादी सरकून नस दबणं मात्र दुर्मिळ. 10,000 गरोदरपणांत साधारण एक, असा जुना अंदाज आहे. पोळी फाटून पुरण बाहेर यावं तसा गादीचा मऊ गाभा बाहेर येतो आणि कुल्ह्यापासून पावलापर्यंत चमक मारते. यातल्या बहुतेक जणी ऑपरेशनशिवाय बऱ्या होतात, कारण बाहेर आलेला गाभा पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप आकसतो. तोवर कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन झोपायचं, झेपेल तेवढं चालायचं. डॉक्टर सांगतील तेवढीच पॅरासिटामॉल घ्यायची. मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी नको. 20 आठवड्यांनंतर तिने बाळाभोवतीचं पाणी कमी होऊ शकतं आणि शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची, जन्मापर्यंत उघडी राहायला हवी अशी रक्तवाहिनी अकाली आकसू शकते. एमआरआयला घाबरायचं कारण नाही, त्यात क्ष-किरण नसतात. चित्र ठळक यावं म्हणून देतात ते गॅडोलिनियमचं इंजेक्शन तेवढं टाळतात.

खरी फसगत पुढे आहे. दुखणं किती जोरात आहे, यावरून धोका ओळखता येत नाही. कण्याच्या तळाशी असलेला नसांचा झुबका दबला, तर लघवीची जाणीव जाते किंवा ती अडते, शौचावरचा ताबा सुटतो, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा येतो, पावलं लुळी पडतात. नवव्या महिन्यात लघवीच्या तक्रारी नेहमीच्याच, म्हणून ‘शेवटचे दिवस, चालायचंच’ असं म्हणून रात्र काढली जाते. वारंवार लघवीला लागणं वेगळं आणि फुगलेल्या मूत्राशयाची जाणीवच न होणं वेगळं. दुसरं घडलं तर सकाळची वाट पाहू नये. अक्कलकोट-मंगळवेढ्याकडून निघताना एमआरआय, मणक्याचे सर्जन आणि नवजात बाळाची सोय एकत्र असलेलं रुग्णालय गाठावं. उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

अशा वेळी कितवा महिना आहे हे पाहून ऑपरेशन टाळत नाहीत, फक्त पद्धत बदलते. पोटावर झोपवणं अवघड असेल तर डाव्या कुशीवर घेतात, म्हणजे गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडत नाही. सुमारे 34 आठवडे उलटले असतील तर बऱ्याचदा आधी सिझर, मग मणका.

एरवी गादी सरकली म्हणून सिझरच करावं लागतं असं नाही. पुष्कळ जणींची प्रसूती सरळ होते. सातव्या महिन्यात मुलगी माहेरी येते तेव्हा एमआरआयची फाइल मात्र सासरच्या कपाटात राहते. ती सोबत आणावी आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना कळा सुरू होण्याआधीच दाखवावी. पाठीत इंजेक्शन द्यायचं की नाही, दिलं तर कुठल्या मणक्यांमध्ये, हे त्यांना निवांत ठरवता येतं.