गाडी देत्या किती?

नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबं ठेवून झाली, बॉनेटवर स्वस्तिक काढून झालं, पेढे वाटायला सुरुवात होते न होते तोच गल्लीतले एखादे काका विचारतातच, "काय रं, देत्या किती?" एका लिटरला किती किलोमीटर, हे कोल्हापुरात वेगळं विचारावं लागत नाही. नवा मालक कंपनीच्या पत्रकातला आकडा सांगतो, "बावीस म्हणतात, काका." दोन महिन्यांनी तोच मालक चेहरा पाडून सांगतो की चौदाच्या वर जात नाही, फसलो. मला हे ऐकून दर वेळी वाईट वाटतं. बहुतेक वेळा कुणी फसवलेलं नसतं. बावीस हा आकडा खरा असतो, फक्त तो आपल्या रस्त्यावरचा नसतो.

तो येतो कुठून? पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली, गाड्यांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था आहे. अशा संस्थेत गाडी रोलरवर चढवतात. चाकं फिरतात, गाडी जागेवरच. चालकासमोरच्या पडद्यावर वेगाची एक रेघ सरकत असते आणि त्याने गाडी त्या रेघेबरहुकूम चालवायची असते. या ठरीव प्रवासाला 'मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल' म्हणतात. त्याचं लघुरूप एमआयडीसी असलं तरी आपल्या शिरोलीच्या एमआयडीसीशी त्याचा काही संबंध नाही. ११८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांना थोडी कमी, अंतर साधारण साडेदहा किलोमीटर, कमाल वेग ताशी ९०. एसी बंद. चढ नाही, खड्डा नाही, मध्येच आडवी येणारी म्हैस नाही. वजन दोन माणसांएवढं धरलेलं. पेट्रोल मोजण्याची रीत मात्र मला फार आवडते. सायलेन्सरमधून आलेला वायू पिशव्यांत गोळा करतात आणि त्यातला कार्बन मोजतात. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, त्यावरून किती जळलं हे उलट काढता येतं. चाचणी चोख असते. सगळ्या गाड्या एकाच रेघेवर चालवल्यामुळे दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा उत्तम आहे. आपल्या महिन्याच्या खर्चाचा अंदाज बांधायला मात्र तो पुरत नाही.

आता राजारामपुरीतून निघा आणि दसरा चौक, बिंदू चौक करत महाद्वार रोडला या. अंतर जेमतेम तीन-चार किलोमीटर. माणसांसकट हजार किलोची गाडी ताशी ४०च्या वेगाला आणायला सुमारे ६२ किलोज्यूल ऊर्जा लागते. पुढे सिग्नल लाल झाला, ब्रेक दाबला, की ही सगळी ऊर्जा ब्रेकच्या उष्णतेत जाते. इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचवतं, असं धरलं तर असा एक थांबा साधारण ८ मिलिलिटरला पडतो, दीड-दोन चमचे. दहा वेळा थांबलात की ८० मिलिलिटर, आणि हे फक्त ब्रेकमध्ये गेलेलं. वर उभ्या गाडीचं इंजिन तासाला अर्धा-पाऊण लिटर पीतच असतं, एसी लावला की आणखी. त्यात इंजिन थंड. थंड इंजिनातलं ऑईल दाट असतं आणि पेट्रोलही सुरुवातीला जास्त सोडावं लागतं. तीन-चार किलोमीटरच्या फेरीत इंजिन नीट तापेपर्यंत आपण पोचलेलोही असतो. गावातला आकडा पडतो तो असा.

हायवेवर शत्रू बदलतो. तिथे थांबे नाहीत, पण हवा आहे. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणजे कागलकडे जाताना ताशी ६०च्या ऐवजी १००ने गेलात तर हवा पावणेतीनपटीहून जास्त जोराने मागे ढकलते. टायरचा अवरोध वेगाबरोबर फारसा वाढत नाही, तो वाढतो हवा कमी भरल्याने. छोट्या गाडीला साधारण ५० ते ७०च्या दरम्यान वरच्या गिअरमध्ये सर्वात चांगलं मायलेज मिळतं ते यामुळेच. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलात तर मात्र वेग कमी असूनही फायदा नाही, कारण दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये दाब-सोड चालू राहते.

आणि पन्हाळा! दर १०० मीटर उंची चढायला हजार किलोच्या गाडीला जवळजवळ एक मेगाज्यूल ऊर्जा लागते, म्हणजे तेवढ्यासाठीच १३० मिलिलिटरच्या आसपास पेट्रोल. सपाटीवरचा खर्च वेगळा. उतरताना थोडी भरपाई होते. गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की हल्लीच्या गाड्यांचे इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल सोडणाऱ्या तोट्या, पेट्रोल बंदच करतात, चाकंच इंजिन फिरवतात. 'न्यूट्रल टाक, पेट्रोल वाचतंय' हा सल्ला म्हणूनच चूक आहे. न्यूट्रलमध्ये इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल जातंच, शिवाय घाटात इंजिनचा ब्रेकही राहत नाही.

आपल्याच शेतातली एक गोष्टही हिशेबात धरायला हवी. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि त्यातलं काही साखर कारखान्यांतल्या मळीपासून बनतं. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये सुमारे २१. मिश्रणात ती सहा-सात टक्क्यांनी कमी भरते.

मग खरा आकडा काढायचा कसा? 'पाचशेचं टाक' म्हणून तो निघत नाही. टाकी फुल्ल करायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, गाडी नेहमीसारखी चालवायची, आणि पुन्हा फुल्ल करताना किती लिटर बसलं ते बघायचं. किलोमीटर भागिले लिटर. यातली खरी गोम नोझलमध्ये आहे. पुढच्या वेळी नोझलचं टोक जवळून बघा, तिथे एक बारीक भोक दिसेल. पेट्रोल वाहताना आत हवा ओढली जाते ती या भोकातून. टाकीतली पातळी वर येऊन भोक बुडालं की हवा तुटते, आत पोकळी तयार होते आणि खटका 'टक्' करून सुटतो. पण पेट्रोलला फेस आला तर फेसानेही भोक बुडतं आणि खटका आधीच पडतो. त्यामुळे दोन 'फुल्ल' टाक्यांत अर्ध्या लिटरचा फरक सहज पडतो. पाच लिटरवर हिशेब केला तर ही दहा टक्के चूक, तीस लिटरवर दोन टक्क्यांहून कमी. म्हणून तोच पंप, शक्यतो तीच बाजू, पहिल्या खटक्याला थांबायचं, आणि तीन-चार टाक्यांची एकत्र बेरीज करायची. पहाटे भरलेलं पेट्रोल जास्त मिळतं या समजुतीत फारसं काही नाही. टाकी जमिनीखाली असते, आणि पेट्रोल एका अंशाला जेमतेम ०.१ टक्का प्रसरण पावतं.

डॅशबोर्डवरचा आकडा इंजेक्टर किती वेळ उघडा होता यावरून काढलेला असतो आणि बरेचदा थोडा जास्तच दाखवतो. किलोमीटर मीटरही एकदा फोनच्या जीपीएसशी ताडून बघावा. अगदी कोऱ्या इंजिनाला पहिल्या टाकीवरून नावं ठेवू नयेत, पिस्टनच्या रिंगा जागेवर बसायला वेळ लागतो.

एक चूक तर गणितात हुशार असलेलेही करतात. महिन्याला ५०० किलोमीटर गावात ११ने आणि ५०० हायवेला २०ने, मग सरासरी साडेपंधरा. असं होत नाही. गावात साडेपंचेचाळीस लिटर गेलं, हायवेला पंचवीस, एकूण साडेसत्तर. हजार भागिले साडेसत्तर म्हणजे १४.२. बेरीज लिटरची करायची, मायलेजची नाही. गाडी घ्यायच्या आधीही हाच हिशेब कामाला येतो. आपलं महिन्याचं फिरणं गाव, हायवे आणि घाट असं वाटून घ्यायचं, आणि तीच गाडी वापरणाऱ्या एखाद्या पाहुण्याला गाठायचं. त्याला 'देत्या किती' विचारण्याआधी दोन गोष्टी विचारा: रोज कुठून कुठे जातोस, आणि टाकी कशी मोजलीस?