सुरीला धार: दगड घ्यायचा की मशीन?

बेळगावात खडे बाजार म्हणा की गणपत गल्ली, भांड्याच्या दुकानात खाचा असलेली प्लॅस्टिकची धारेची मशीनं मिळतात, ऑनलाइन पण तीच, आणि मग लोक विचारतात हे घेऊ की दगड घेऊ. माझं मत दगड. 1000 ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा, आकडा मोठा तितका दगड बारीक) एक, बास. 6000 वगैरे महागडे दगड कडक जपानी सुऱ्यांना ठीक, आपल्या घरातलं स्टेनलेस त्यामानानं मऊ, धातूचा कडकपणा मोजायच्या रॉकवेल मापावर 54-56 च्या आसपास, त्याची कड भाजी चिरून चिरून एका बाजूला वळते. नुसती वळली असेल तर स्टीलचा रॉड फिरवून सरळ होते, पण झिजून गोल झाली की धातू काढावाच लागतो. मशीनमधल्या कार्बाइडच्या पट्ट्या तो ओरबाडून काढतात, दोन दिवस मस्त वाटतं, मग पातं करवतीसारखं.

दगडात असतं काय तर सिलिकॉन कार्बाइड नाहीतर अॅल्युमिनियम ऑक्साइड. हे दुसरं म्हणजे अॅल्युमिना, आपल्या बेळगावच्या हिंडाल्को कारखान्यात बॉक्साइट खनिजापासून काढतात तेच. मोहसच्या मापात कडकपणा 9, हिरा 10, मग पोलादाचं काय चालणार.

आता कोन. एका बाजूला साधारण 20 अंश, पण अंश मोजत कोण बसतंय, पातं 3 सेंमी रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून 1 सेंमी उचलायची आणि शेवटपर्यंत तेवढीच ठेवायची. दगड पाण्यात भिजवून ओला ठेवा. एकाच बाजूनं घासत राहा, मधेमधे दुसऱ्या बाजूला अंगठा पाठीकडून कडेकडे हळू न्या (कडेवरून लांबीनं फिरवू नका, कापेल), बारीक खरखर लागली की समजायचं धातू कडेपर्यंत पोचून पलीकडं वळला. फाउंड्री-मशीन शॉपवाले याला बर म्हणतात. मुठीपासून टोकापर्यंत बर लागली की मगच बाजू बदलायची, बहुतेकांचं इथंच चुकतं, बर यायच्या आधीच पलटतात आणि म्हणतात दगड बेकार. शेवटी अगदी हलक्या हातानं आलटून पालटून घासून ती बर काढून टाका, जुन्या चामडी पट्ट्यावर ओढली तर अजून बरं.

सायकलवर चाक फिरवून धार लावणारे येतात त्यांच्याकडं काम झटपट होतं, फक्त कोरड्या चाकावर कड तापून निळसर पडली तर तिथलं पाणी उतरलं (म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला) समजा, ती धार टिकत नाही.

दगड नसेल तर चिनीमातीचा कप पालथा घाला, बुडाची ग्लेझ (चकचकीत थर) नसलेली खरखरीत कडा चालते. विळीला मात्र उलटं, पातं हलत नाही म्हणून छोटा दगडच हातात धरून फिरवायचा, आणि बोटं कडेच्या मागं ठेवायची.