घरभाड्यातील दुरुस्तीची वजावट: सहाव्या हिश्श्यापासून तीस टक्क्यांपर्यंत

भाड्याने दिलेल्या घराच्या डागडुजीवर मालकाने वर्षभरात प्रत्यक्ष किती पैसे घातले, हे भारतातील प्राप्तिकर कायद्याने घरभाड्याचे उत्पन्न मोजताना सहसा विचारलेलेच नाही. 1922 च्या कायद्याने दुरुस्तीचा भार मालकावर असल्यास वार्षिक मूल्याचा, म्हणजे घराला वर्षाला मिळू शकणाऱ्या वाजवी भाड्याचा, सहावा हिस्सा सरसकट वजा करण्याची मुभा दिली. तो भार भाडेकरूने पत्करला असेल, तर वार्षिक मूल्य आणि प्रत्यक्ष भाडे यांतील फरकाएवढीच वजावट मिळे, आणि तीही सहाव्या हिश्श्याच्या आत. पावत्या तपासण्याची कटकट टळावी म्हणून ही सोय समजण्यासारखी आहे, पण तिचा दोषही उघड होता. मुंबईत 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठवलेल्या भाड्याचा सहावा हिस्सा जुन्या चाळीच्या एका जिन्यालाही पुरण्यासारखा नव्हता.

1961 च्या कायद्याने हीच चौकट उचलली. पुढे हा हिस्सा वाढत पाव भागापर्यंत गेला. 2001 च्या वित्त कायद्याने विमा हप्ता, भाडेवसुलीचा खर्च, जमीन महसूल अशा किरकोळ वजावटी काढून टाकल्या आणि दोनच ठेवल्या: वार्षिक मूल्याच्या तीस टक्के प्रमाणित वजावट आणि कर्जावरील व्याज. वर्षाचे भाडे 2,40,000 रुपये आणि मालकाने भरलेली घरपट्टी 20,000 रुपये असेल, तर उरलेल्या 2,20,000 रुपयांच्या वार्षिक मूल्यावर 66,000 रुपयांची वजावट मिळते; मग गच्चीच्या गळतीवर तीन लाख खर्च झालेले असोत किंवा भिंतीला चुन्याचा हातही लागलेला नसो. दुरुस्तीसाठी कर्ज काढले असल्यास त्याचे व्याज मात्र या तीस टक्क्यांच्या बाहेर, वेगळे वजा होते.

दुरुस्ती कोणती आणि सुधारणा कोणती, हा वाद त्यामुळे घरभाड्याऐवजी धंद्याच्या हिशेबात रंगला, कारण तिथे प्रत्यक्ष खर्चच मोजला जातो. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी 1956 मध्ये न्यू शोरॉक गिरणीच्या प्रकरणात 'चालू दुरुस्ती'ची कसोटी घालून दिली: खर्च असलेली मालमत्ता टिकवण्यासाठी हवा, त्यातून नवी मालमत्ता किंवा नवा लाभ उभा राहता कामा नये. बल्लीमल नवल किशोर प्रकरणात 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच कसोटी मान्य केली आणि चित्रपटगृहात नवी यंत्रे, नवे फर्निचर व नवी वायरिंग बसवण्याचा खर्च चालू दुरुस्तीत बसत नाही, असे ठरवले.

घरमालकाला हा भेद भिडतो तो घर विकताना. वाढवलेली खोली किंवा चढवलेला मजला हा भांडवली खर्च असल्याने तो 'सुधारणेचा खर्च' म्हणून भांडवली नफ्यातून वजा होतो, आणि तिथे सरसकट टक्केवारी नसल्यामुळे कंत्राटदाराची बिले व बँकेतील नोंदी लागतात. 2017 च्या दुरुस्तीने या मोजणीची पायाभूत तारीख 1 एप्रिल 1981 वरून 1 एप्रिल 2001 वर आणली. तिच्याआधीच्या सुधारणा आता धरल्या जात नाहीत. 23 जुलै 2024 पासूनच्या विक्रीवर महागाई निर्देशांकाचा, म्हणजे जुना खर्च महागाईच्या प्रमाणात वाढवून धरण्याचा, लाभ गेला आणि कराचा दर 12.5 टक्के झाला. मात्र त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमीन-इमारतीपुरता, निर्देशांकासह 20 टक्क्यांनी येणाऱ्या करापेक्षा जास्त कर भारतातील निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना भरावा लागत नाही. 2025 च्या नव्या प्राप्तिकर कायद्यानेही तीस टक्क्यांची वजावट तशीच ठेवली आहे.