तीनशे बाट म्हणजे नक्की किती?

बँकॉकच्या प्रातुनाम बाजारात घासाघीस तोंडाने कमी आणि कॅल्क्युलेटरवर जास्त होते. तुम्ही टी-शर्ट उचलून ‘हाऊ मच?’ विचारता. दुकानातली बाई मोठ्या बटणांचा कॅल्क्युलेटर उचलते, ४५० दाबते आणि तुमच्यासमोर धरते. तुम्ही नाक मुरडता. ती हसून कॅल्क्युलेटर तुमच्याच हातात देते. मनात २०० असतात, पण पडद्यावर ४५० दिसत असताना २०० टाकायची लाज वाटते, म्हणून बोट २५० दाबतं. दोन फेऱ्या होतात, ३०० वर सौदा पटतो आणि तुम्ही दीडशे बाट वाचवल्याच्या आनंदात पुढच्या गाळ्याकडे वळता.

आता हे दीडशे बाट वाचले कशातून? ४५० ही त्या शर्टाची किंमत कधी नव्हतीच. तो सौद्याला सुरुवात करून देणारा आकडा होता.

अशा आकड्याची ताकद अमोस त्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवली. त्यांनी लोकांसमोर एक चक्र फिरवलं. ते १० किंवा ६५ वरच थांबेल अशी गुपचूप सोय केलेली होती. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यांपैकी किती टक्के देश आफ्रिकेतले? ज्यांच्यापुढे १० आले त्यांचा मधला अंदाज २५ टक्के, ज्यांच्यापुढे ६५ आले त्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीचाही संबंध नव्हता, हे समोर दिसत असूनही! प्रातुनाममधल्या ४५० चा तर शर्टाशी निदान संबंध तरी आहे. याला ‘अँकरिंग’ म्हणतात. पहिला आकडा नांगर टाकतो आणि पुढचा अंदाज त्याच्याच आसपास घुटमळतो.

यावर उतारा आहे. अ‍ॅडम गॅलिन्स्की आणि थॉमस मुसवायलर यांनी २००१ मध्ये वाटाघाटींवर प्रयोग केले. पहिला आकडा सांगणाऱ्याचं पारडं जड होतं, पण समोरच्याने आपल्याला नक्की किती हवं यावर लक्ष ठेवलं, की ते वजन उतरत होतं. थोडक्यात, शर्टाला हात लावण्याआधी आपला भाव ठरवायचा, आणि तोही रुपयांत.

रुपयांत, कारण परदेशी बाजारात दुसरा सापळा चलनाचाच असतो. बाटाचा भाव अलीकडे अडीच ते तीन रुपयांच्या दरम्यान असतो, म्हणजे ३०० बाट म्हणजे साडेसातशे ते नऊशे रुपये. हा गुणाकार दुसरी-तिसरीतल्या मुलालाही जमेल, पण दिवसभर उन्हात फिरल्यावर डोक्यात नुसते ‘तीनशे’ उरतात. आणि तीनशेचा टी-शर्ट म्हटला की आपल्याला दादर-तुळशीबाग आठवते.

प्रिया रघुबीर आणि जॉयदीप श्रीवास्तव यांनी २००२ मध्ये नेमकं हेच तपासलं. अनोळखी चलनात आपण आकड्याच्या दर्शनी मोठेपणाला भुलतो आणि विनिमय दराची दुरुस्ती पुरेशी करत नाही. परदेशी आकडे आपल्यापेक्षा लहान असले तर हात सैल सुटतो, मोठे असले तर आखडतो. त्यांची उदाहरणं अमेरिकनांसाठीची होती: एका डॉलरला चार मलेशियन रिंगिट, पण बहरीनचा दिनार मात्र अवघा ०.४. आपल्यासाठी बाट आणि दुबईचा दिरहॅम हात सैल करणाऱ्या गटात बसतात. व्हिएतनामचा डाँग दुसऱ्या टोकाला: एका रुपयाला सुमारे ३००. तिथे साध्या शर्टावर दीड-दोन लाखांची चिठ्ठी पाहून पोटात गोळा येतो.

पण व्हिएतनामला जाऊन आलेले सांगतील की तिथेही हात आखडत नाही. त्याचंही कारण आहे. क्लाउस वर्टेनब्रॉख, दिलीप सोमण आणि अमिताव चट्टोपाध्याय यांनी २००७ मध्ये दाखवलं, की खर्चाची ठरावीक रक्कम डोळ्यांसमोर असेल तर गणित उलटतं. आपण किंमत एकटी बघत नाही, ती देऊन उरणार किती ते बघतो. दहा हजार रुपये बदलून हातात तीस लाख डाँग आले, की दोन लाख दिल्यावरही अठ्ठावीस लाख शिल्लक! लखपतीने कशाला हात आखडायचा? मला हा निष्कर्ष पहिल्यापेक्षाही आवडतो, कारण दोन्ही बाजूंनी फसायची सोय तो रीतसर मांडतो.

या वेळी डोक्यात काय चालतं, हे ब्रायन नटसन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एमआरआय यंत्रात झोपवलेल्या २६ जणांवर पाहिलं. आधी वस्तू दाखवली, मग किंमत. आवडती वस्तू दिसली की न्यूक्लियस अ‍ॅकम्बन्स हा मेंदूच्या खोलातला, लाभाच्या अपेक्षेने चाळवणारा भाग सक्रिय होई. किंमत अवाच्या सवा वाटली की इन्सुला चाळवे. वेदना, किळस अशा नकोशा अनुभवांतही हाच भाग सामील असतो. बाजारातल्या गर्दीत असं यंत्र कोणी नेलेलं नाही, पण एवढं म्हणता येईल: ‘महाग’ हे आपण कशाशी तरी ताडून ठरवतो, आणि ताडायचं मापच परकं असेल तर खटकायला जागा राहत नाही.

अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्ये खरेदीच्या समाधानाचे दोन भाग वेगळे केले: वस्तूचा उपयोग आणि सौदा मारल्याचा आनंद. प्रातुनाममध्ये आणि शेजारच्या प्लॅटिनम मॉलमध्ये बऱ्याच गाळ्यांवर दोन भाव असतात, एका नगाचा वेगळा आणि तीन किंवा जास्त घेतल्यास होलसेल. तिसऱ्या शर्टाचा उपयोग जवळजवळ शून्य, सौद्याचा आनंद पुरेपूर. तो आनंद खोटा नाही हं. सुट्टीत लोक तमाशाला तिकीट काढतात, तसे कोणी घासाघिशीला पैसे मोजले तर बिघडत नाही. फक्त त्याला बचत म्हणू नये.

थेलर यांचीच दुसरी कल्पना मनातल्या हिशोबाच्या खात्यांची. माल बॅगेत मावत नाही, म्हणून तिथेच नवी ट्रॉली बॅग घेतली जाते. विमानतळावर काटा मर्यादेपुढे गेला की दर किलोमागे पैसे भरावे लागतात. बॅग ‘लागणारच होती’, आणि जादा किलोंचा भुर्दंड ‘प्रवासखर्च’. ही रक्कम शर्टांवर वाटून कोणी बघत नाही. घरी विचारलं तर शर्ट तीनशेचाच असतो, आणि तेही बाट असल्याचं सांगायचं राहून जातं.