टाइप केलेल्या कमांडची वही: स्विच कॉन्फिग बॅकअपची पार्श्वभूमी

स्विचवर (नेटवर्कमधले कॉम्प्युटर जोडणाऱ्या यंत्रावर) रोज काम करणाऱ्याच्या बोटांना एक खोड जडलेली असते. स्विचच्या सेटिंगमध्ये, म्हणजे कॉन्फिगमध्ये, बदल झाला की तो 'डब्ल्यू आर' टाइप करून एंटर मारतो. 'राइट मेमरी' या जुन्या कमांडचं हे आखूड रूप. स्विच बनवणाऱ्या सिस्को कंपनीने तिच्या जागी 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' अशी लांबलचक कमांड आणून जमाना झाला, पण बोटं ऐकत नाहीत.

त्या दोन अक्षरांमागे एक जुना निर्णय आहे. चालू कॉन्फिग (रनिंग-कॉन्फिग) वीज गेली की पुसणाऱ्या रॅममध्ये राहील, आणि सांगितल्याशिवाय वीज गेली तरी टिकणाऱ्या एनव्हीरॅममध्ये (तिथली ती स्टार्टअप-कॉन्फिग) उतरणार नाही. सेव्ह करायचं राहिलं आणि वीज गेली, तर दिवसभराचं काम गेलं. पण हाच निर्णय तारतोही. लांबच्या स्विचवर धोक्याचा बदल करण्याआधी 'रीलोड इन १०' देऊन ठेवायचं. चुकून आपलाच रस्ता कापला गेला, तर दहा मिनिटांनी स्विच रीबूट होतो आणि जुन्या कॉन्फिगवर परत येतो. सगळं ठीक असलं तर 'रीलोड कॅन्सल'. बॅकअपचा पहिला अवतार हाच, स्विचच्या पोटातला.

हा निर्णय मुळात राउटरचा, म्हणजे वेगवेगळी नेटवर्कं एकमेकांना जोडणाऱ्या यंत्राचा. लेनर्ड बोसॅक आणि सँडी लर्नर यांनी सिस्को १९८४ मध्ये काढली ती राउटरसाठी. इथरनेट स्विच हा प्रकार कल्पना नावाच्या कंपनीने १९९० मध्ये बाजारात आणला. सिस्कोने १९९३ मध्ये क्रेसेंडो, १९९४ मध्ये कल्पना आणि १९९५ मध्ये ग्रँड जंक्शन विकत घेतली आणि प्रत्येकीबरोबर तिची तऱ्हाही घरात आली. क्रेसेंडोच्या वंशातल्या कॅटॅलिस्ट ५००० वर प्रत्येक कमांड 'सेट'ने सुरू व्हायची आणि एंटर मारताच कायमची सेव्ह व्हायची. ग्रँड जंक्शनच्या वंशातल्या छोट्या स्विचवर तर मेनू होते: अक्षर दाबा, पुढच्या पानावर जा. एकाच कंपनीचे तीन स्विच आणि बॅकअप घ्यायच्या तीन रीती. पुढे सगळे आयओएसवर, म्हणजे सिस्कोच्या राउटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, आले आणि राउटरची पद्धत जिंकली.

आता आयओएसमधली ही कॉन्फिग म्हणजे नेमकं काय? 'शो रन' (चालू कॉन्फिग दाखव) दिल्यावर आधी 'बिल्डिंग कॉन्फिगरेशन' अशी ओळ येते आणि मग क्षणभर थांबावं लागतं. ती ओळ खरं सांगत असते. चालू कॉन्फिग कुठे मजकूर म्हणून ठेवलेली नसतेच. स्विच आपल्या एकेका भागाला विचारतो, 'तुला आज या अवस्थेत आणायला काय टाइप करावं लागेल?' आणि उत्तरं एकाखाली एक लिहून दाखवतो. म्हणजे ती फाइल स्विचचं वर्णन नव्हे, टाइप करायच्या कमांडची वही आहे. बॅकअपचा पुढचा सगळा इतिहास मला तरी या एका गोष्टीतून निघालेला दिसतो.

ती वही स्विचबाहेर न्यायचं पहिलं सर्रास साधन म्हणजे टीएफटीपी, फाइल पाठवायचा एक अगदी साधा प्रोटोकॉल. कॅरेन सोलिन्स यांनी लिहिलेला त्याचा आरएफसी (इंटरनेटच्या प्रोटोकॉलचा प्रसिद्ध केलेला दस्तऐवज) ७८३ जून १९८१ चा, सुधारित आरएफसी १३५० जुलै १९९२ चा. यूडीपी (आधी जोडणी न करता डेटा पाठवायची पद्धत), पोर्ट ६९, ५१२ बाइटचे तुकडे, प्रत्येक तुकड्याची पोच. पासवर्ड नाही, फोल्डरची यादी नाही. इतकं लहान की स्विच सुरू करणाऱ्या छोट्या बूट रॉममध्येही मावावं, म्हणूनच ते स्विचच्या वाट्याला आलं. जुन्या युनिक्स सर्व्हरवर त्याला एक गंमतशीर नखरा होता: नवी फाइल तो स्वतः बनवायचा नाही. आधी सर्व्हरवर जाऊन 'टच'ने रिकामी फाइल करायची, तिला सगळ्यांना लिहिण्याची मुभा द्यायची, मग स्विचवर येऊन 'कॉपी रन टीएफटीपी'. स्विच पत्ता विचारतो, मग फाइलचं नाव सुचवतो, आणि त्या नावाच्या शेपटीला 'कॉन्फिग'च्या स्पेलिंगमधला 'आय' गाळलेला असतो. आजही.

बॅकअप घेणं जमलं. परत चढवताना मात्र वहीचा स्वभाव आडवा यायचा. टीएफटीपीवरून फाइल रनिंग-कॉन्फिगवर कॉपी केली की ती जुनी कॉन्फिग पुसत नाही. जणू कोणी भराभर टाइप करत असल्यासारखी आहे त्यावर चढते. मधल्या काळात कोणी चुकीची एसीएलची (कोणता ट्रॅफिक जाऊ द्यायचा ते ठरवणाऱ्या यादीची) ओळ घातली असेल, तर ती बॅकअपमध्ये नसूनही तशीच राहते, कारण 'नो' म्हणून ती काढा असं त्या फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. पूर्ण परत जायचं तर स्टार्टअप-कॉन्फिगवर कॉपी करून रीबूट. चालत्या नेटवर्कमध्ये हे दर वेळी परवडत नाही. 'कॉन्फिगर रिप्लेस' ही कमांड आयओएसमध्ये बऱ्याच उशिरा आली. १९९६ मध्ये सुरू झालेल्या जुनिपर या दुसऱ्या कंपनीने मात्र जुनॉस या आपल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पायाच वेगळा घातला. बदल आधी कच्च्या प्रतीत होतात, 'कमिट' म्हटल्यावर लागू होतात, मागच्या प्रती 'रोलबॅक'साठी क्रमांकाने जपल्या जातात. 'कमिट कन्फर्म्ड' दिलं आणि दहा मिनिटांत पुन्हा 'कमिट' केलं नाही, तर सगळं आपोआप मागे. 'रीलोड इन १०'चं काम, रीबूटशिवाय.

मधल्या काळात लोकांनी दुसरी युक्ती काढली. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेतल्या डॉन लीब्स यांचं 'एक्स्पेक्ट' १९९० चं. अमुक प्रॉम्प्ट (कमांडची वाट बघणारं चिन्ह) दिसेपर्यंत थांब, दिसला की तमुक टाइप कर: माणसासाठी बनलेल्या पडद्यासमोर त्यांनी प्रोग्रॅम बसवला. त्याच्या आधारावर नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात रँसिड हे सॉफ्टवेअर आलं. यादीतल्या प्रत्येक डिव्हाइसवर ते ठरलेल्या वेळी लॉगिन करायचं, कमांडचा आउटपुट सीव्हीएसमध्ये (फाइलची प्रत्येक जुनी प्रत जपणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ठेवायचं आणि मागच्या प्रतीपेक्षा काय बदललं ते ईमेलने कळवायचं. बॅकअपचा अर्थच त्याने पालटला. परत चढवायला फाइल क्वचित लागते. 'काल रात्री या पोर्टला कोणी हात लावला?' हा प्रश्न रोज पडतो. ट्रंकवर (अनेक व्हीलॅन वाहून नेणाऱ्या जोडणीवर) नवा व्हीलॅन (त्याच स्विचवर आखलेलं वेगळं आभासी नेटवर्क) द्यायचा असतो, कोणी 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन'नंतर 'ॲड' लिहायचं विसरतं, आणि आधीची सगळी यादी एका एंटरमध्ये गायब होते. डिफमध्ये, म्हणजे दोन प्रतींतल्या फरकाच्या यादीत, ते एका नजरेत दिसतं: वजा चिन्हाची एक लांब ओळ, अधिक चिन्हाची एक आखूड.

अर्थात पडदा वाचून काढलेल्या मजकुरात कचराही येतो. घड्याळ जुळवण्याची 'एनटीपी क्लॉक-पीरियड' नावाची ओळ स्विच स्वतःच बदलत राहायचा, त्यामुळे कोणी काही न करताही रोज फरक दिसायचा. अशा ओळी गाळणं हा रँसिडमधला मोठा उद्योग. लॉगिनचे पासवर्ड एका साध्या मजकूर फाइलमध्ये असायचे. बॅकअपच्या फाइलमध्येही ते असायचेच, आणि सिस्कोचा 'टाइप ७' हा प्रकार म्हणजे नुसता पडदा, चुटकीसरशी उलगडणारा. लांबून लॉगिन करायचं जुनं साधन टेलनेट तर सगळं उघड्यावरच पाठवायचं. तातू यलोनेन यांनी १९९५ मध्ये त्याच कामासाठी एन्क्रिप्शन असलेलं एसएसएच लिहिलं ते त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्डची चोरी झाल्यानंतर. स्विचवर ते उशिरा रुळलं. एन्क्रिप्शन असलेली आयओएस इमेज (सॉफ्टवेअरची फाइल) वेगळी मिळायची, नावात 'के९' असलेली.

जून २००२ मध्ये इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने नेटवर्क चालवणाऱ्यांना आणि प्रोटोकॉल लिहिणाऱ्यांना एका कार्यशाळेत समोरासमोर बसवलं. आरएफसी ३५३५ हे तिचं इतिवृत्त. एसएनएमपीने (डिव्हाइसवर नजर ठेवायच्या प्रोटोकॉलने) कॉन्फिग करणं फारसं कोणी करत नाही, हे तिथे स्पष्ट झालं. चालवणाऱ्यांची मागणी साधी होती: कॉन्फिग आणि चालू आकडेवारी वेगळी मिळू द्या, आणि कॉन्फिगवर डिफ आणि सीव्हीएस चालू द्या. त्यातून डिसेंबर २००६ मध्ये कॉन्फिग पाठवायचा प्रोटोकॉल नेटकॉन्फ आला, २०१० मध्ये कॉन्फिगची रचना लिहायची भाषा यांग.

तरीही आजची पायथन स्क्रिप्ट बहुतेक ठिकाणी काय करते? एसएसएच उघडते, दर पानाला थांबवणाऱ्या 'मोर'वर आउटपुट अडू नये म्हणून 'टर्मिनल लेंथ झिरो' देते, प्रॉम्प्टच्या हॅश चिन्हाची वाट बघते आणि 'शो रन' टाइप करते. सीव्हीएसच्या जागी गिट आलं, एवढाच फरक.

आणि वहीत न येणाऱ्या गोष्टी अजूनही येत नाहीत. मी एकदा मेलेल्या स्विचच्या जागी नवा लावला, आदल्या रात्रीची कॉन्फिग चढवली, ओळ न ओळ जुळवली. ट्रंकवर व्हीलॅनचे आकडे बरोबर होते, ट्रॅफिक मात्र शून्य. व्हीटीपी (व्हीलॅनची यादी स्विचना वाटणारा सिस्कोचा प्रोटोकॉल) सर्व्हर मोडमध्ये असला की व्हीलॅन कॉन्फिगमध्ये नसतात, फ्लॅशमधल्या 'व्हीलॅन डॉट डॅट' या वेगळ्या फाइलमध्ये असतात, आणि ती जुन्या स्विचबरोबरच गेली होती. फाइलमध्ये परवानगी दिलेले व्हीलॅन नव्या स्विचवर जन्मलेलेच नव्हते. आठवतील तसे आणि शेजारच्या स्विचवर बघून हाताने बनवले. माझ्या स्क्रिप्टमध्ये 'शो रन'खाली 'शो व्हीलॅन' आहे, ते तेव्हापासून.