कटऑफ आणि मिडियन: परदेशी एमबीएची संधी जोखताना

"हार्वर्डचा कटऑफ ७४० आहे, माझे जीमॅटला ६६५ आले. म्हणजे विषय संपला ना?"

सोलापुरात इंजिनिअरिंग करून पुण्याला नोकरी करणारी, जीमॅट ही परदेशी एमबीएची प्रवेशपरीक्षा दिलेली मुलं हा प्रश्न नेहमी विचारतात. कधी मुलाऐवजी वडील विचारतात. आकडा थोडाफार बदलतो, ‘कटऑफ’ हा शब्द मात्र कायम असतो. या गैरसमजापायी दोन प्रकारच्या मुलांचं नुकसान होतं. काही जण अर्जच करत नाहीत. काही जण आकडा गाठला की निर्धास्त होतात आणि निबंध, शिफारसपत्रं शेवटच्या आठवड्यात उरकतात. दोन्ही प्रकारांत चांगली, कष्टाळू मुलं आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

कटऑफ आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. सीईटीचा निकाल लागतो, ऑप्शन फॉर्म भरला जातो, कॅप राउंड होतो आणि कॉलेजनिहाय, शाखानिहाय, प्रवर्गनिहाय यादी लागते. त्या यादीतला आकडा म्हणजे त्या फेरीत त्या जागेवर आत गेलेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचे पर्सेंटाइल. रांगेचं ते शेवटचं टोक. तुमचे त्याहून जास्त असतील आणि तुम्ही तो पर्याय वर भरला असेल, तर जागा तुमची. तुम्ही कोण, काय केलंत, का शिकायचंय, हे कुणी विचारत नाही. कमी असतील तर त्या फेरीत जागा नाही, आणि तिथेही कुणी काही विचारत नाही. पद्धत कठोर आहे, पण कुठल्या बाबूच्या मर्जीवर काही अवलंबून राहत नाही, ही तिची मोठी जमेची बाजू. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या आणि यंत्रमाग कामगारांच्या मुलांना या यादीनेच दार उघडून दिलं आहे.

मिडियन हा वेगळ्याच जागचा आकडा. प्रवेश देऊन झाला, वर्ग भरला. आता त्या वर्गातल्या सगळ्यांना जीमॅटच्या गुणांनुसार ओळीत उभं करा. बरोबर मधे जो उभा असेल त्याचे गुण म्हणजे मिडियन. हार्वर्ड बिझनेस स्कूलने जुन्या जीमॅटसाठी छापलेला ७४० हा आकडा असा आहे. जीमॅट दिलेल्यांपैकी निम्मे लोक त्या आकड्यावर किंवा त्याच्या खाली आहेत, आणि तरीही ते बॉस्टनमध्ये त्याच बाकावर बसले आहेत. अलीकडच्या वर्षांत तिथे प्रवेश मिळालेल्यांपैकी सर्वांत कमी गुण सहाशेच्याही खाली गेलेले आहेत. स्टॅनफर्ड मिडियनऐवजी सरासरी छापतं, ती जुन्या परीक्षेसाठी ७३८च्या आसपास राहिली. सरासरी आणि मिडियन यांत गणिताचा फरक आहे, पण आपल्या कामापुरतं दोन्ही ओळीच्या मधलेच आकडे.

मग आपली माणसं त्याला कटऑफ का समजतात? आपल्याला आयुष्यभर यादीतला एकच आकडा बघायची सवय आहे. शिवाय आयआयएममुळे गोंधळ वाढतो, कारण तिथे दोन्हींचं मिश्रण आहे. कॅट या तिथल्या प्रवेशपरीक्षेचा कटऑफ असतो, पण तो मुलाखतीचं बोलावणं येण्यापुरता. पुढे मुलाखत, शैक्षणिक गुण, अनुभव असं सगळं मिळून एकत्रित गुण निघतात. आयआयएम अहमदाबादच्या हिशेबात दहावी-बारावीच्या टक्क्यांनाही वजन आहे. दहावीला ६८ टक्के पडले म्हणून आयआयएमच्या आशेवर पाणी सोडलेला मुलगा अमेरिकेच्याही वाटेला जात नाही. खरं तर अमेरिकेतल्या शाळा, म्हणजे बिझनेस स्कूल, साधारणपणे पदवीच्या गुणपत्रिका बघतात. दहावीचा विषय तिथे सहसा निघतच नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नातली दुसरी चूक. ७४० आणि ६६५ हे एकाच परीक्षेचे गुणच नाहीत. जीमॅटची नवी आवृत्ती नोव्हेंबर २०२३मध्ये आली आणि जुनी परीक्षा २०२४च्या सुरुवातीला बंद झाली. जुनी २०० ते ८००मध्ये मोजायची, नवी २०५ ते ८०५मध्ये मोजते. ओळखायची खूण सोपी: शेवटी शून्य असेल तर जुनी, पाच असेल तर नवी. नव्या परीक्षेतले ६४५ म्हणजे साधारण जुने ७००, आणि ६८५ म्हणजे साधारण जुने ७४०. तेव्हा ६६५ मिळवलेला मुलगा मिडियनपेक्षा ७५ गुणांनी मागे नाही, नव्या मोजणीत वीसेक गुणांनीच मागे आहे. जीमॅटचे गुण पाच वर्षं चालतात, त्यामुळे शाळांच्या आकडेवारीत अजून काही काळ दोन्ही मोजमापं शेजारी शेजारी दिसतील. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या तक्त्यांत तर ती सर्रास एकत्र मिसळलेली असतात.

इथवर ऐकून मुलांना हायसं वाटतं. पण मिडियनच्या खाली असणं म्हणजे बाद होणं नव्हे हे जितकं खरं, तितकंच मिडियनच्या वर असणं म्हणजे जागा पक्की नव्हे, हेही खरं. हार्वर्डला अलीकडे वर्षाला आठ ते दहा हजार अर्ज येतात आणि जागा साधारण ९३०. स्टॅनफर्डचा वर्ग सव्वाचारशेच्या आसपास. चांगले गुण असलेले लोक जागांपेक्षा कितीतरी जास्त असतात. गुण एवढंच सांगतात की या माणसाला वर्गातलं गणित आणि वाचन झेपेल. तेवढी खात्री पटली की अर्ज वाचणारा पुढच्या पानावर जातो.

सर्वांत कमी बोललं जातं ते याबद्दल: मिडियन हा अख्ख्या वर्गाचा आहे, तुमच्यासारख्यांचा नाही. त्या वर्गात अमेरिकन सैन्यातून आलेला अधिकारी आहे, नायजेरियात दवाखान्यांची साखळी उभारणारी डॉक्टर आहे, न्यूयॉर्कमध्ये खासगी गुंतवणूक संस्थेत काम केलेला तरुण आहे, आणि बेंगळुरूचा सॉफ्टवेअर इंजिनिअरही आहे. हार्वर्डच्या वर्गात आंतरराष्ट्रीय विद्यार्थी साधारण एक तृतीयांशाहून थोडे जास्त, आणि त्यात सगळं जग वाटेकरी. भारतातून येणाऱ्या अर्जांत मोठा भरणा इंजिनिअर मुलांचा, त्यातही आयटी सेवा कंपन्यांतल्या. त्यांचे गणिताचे गुण मुळातच चांगले असतात. देशनिहाय कोटा नसला तरी वर्ग वेगवेगळ्या माणसांचा हवा असतो, म्हणून तुमचा अर्ज साहजिकच तुमच्यासारख्या अर्जांशेजारी ठेवून वाचला जातो. ओळीत मिडियनच्या खाली उभी असलेली निम्मी माणसं बहुधा तुमच्या गटातली नाहीत. हे कडू आहे, पण मुलाला आधीच सांगितलेलं बरं. पुण्यातला आयटीतला इंजिनिअर मुलगा असेल तर मी त्याला मिडियनच्या जवळ किंवा वर जायला सांगतो. तिथे त्याला लाभ मिळेल म्हणून नाही, गुणांवरून त्याच्या अर्जाकडे शंकेने बघितलं जाऊ नये म्हणून. काही शाळा मधल्या ८० टक्के विद्यार्थ्यांचे गुण कुठून कुठपर्यंत आहेत, ती व्याप्ती छापतात. एका मिडियनपेक्षा ती जास्त उपयोगी. त्या व्याप्तीच्या खालच्या टोकाशी असाल तर अर्जातलं बाकी सगळं खणखणीत हवं.

समजा दोघं जण आहेत. एक हिंजवडीतल्या मोठ्या आयटी कंपनीत पाच वर्षं काम केलेला, ७०५ गुणांचा. दुसरी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या घरच्या टॉवेलच्या कारखान्यात चार वर्षं राबलेली, ६४५ गुणांची. कॅपच्या यादीत पहिला वर, दुसरी खाली, हिशेब मिटला. इथे मात्र वाचणारा विचारतो: याने पाच वर्षांत स्वतः काय बदललं? प्रोजेक्टचं नाव आणि टीमची संख्या एवढंच लिहिलं असेल, तर तसं हजारो जणांनी लिहिलेलं असतं. आणि तिने जुने माग मोडीत काढून रॅपिअर हे आधुनिक माग आणायचा निर्णय वडिलांना कसा पटवला, कामगारांच्या पाळ्या कशा लावल्या, एका निर्यातीच्या ऑर्डरचा माल परत आला तेव्हा काय केलं, हे खरेपणाने आणि आकड्यांसह सांगितलं, तर ६४५ आड येईलच असं नाही. उलटही होऊ शकतं. कारखाना घरचा असणं ही काही कामगिरी नव्हे. वडिलांनी उभारलेलं तिने नुसतं सांभाळलं असेल तर ते वाचताना कळतं. माझ्या मते आपल्या शहरातल्या मुलांची खरी ताकद इथे आहे: चादर, टॉवेल, गणवेश, साखर, डाळिंब, कॅमशाफ्ट अशा जमिनीवरच्या धंद्यांतला हात काळा झालेला अनुभव. तो लपवून पुण्या-मुंबईच्या मुलांसारखी गुळगुळीत भाषा वापरायचा मोह टाळावा.

घरच्या धंद्यातल्यांना शिफारसपत्राची अडचण येते. वडिलांचं किंवा काकांचं पत्र चालणार नाही, कारण नात्यातल्या माणसाच्या पत्राला वजन नसतं. जुना ग्राहक, मोठा पुरवठादार, ज्यांच्याबरोबर वाटाघाटी केल्या असा कुणी, हे योग्य. नोकरी करणाऱ्याने थेट वरिष्ठाकडून पत्र घ्यावं. आमदारसाहेब किंवा कुलगुरू यांच्या लेटरहेडचा मोह आपल्याकडे फार, पण ज्यांनी तुमचं काम जवळून पाहिलेलं नाही त्यांचं पत्र कोरडंच राहतं.

आता टक्केवारीचा हिशेब. "हार्वर्डमध्ये दहा टक्के घेतात, मग पाच अशा शाळांत अर्ज केले की पन्नास टक्के झाले की!" असं मुलं उत्साहाने सांगतात. सगळ्या अर्जदारांची मिळून निघालेली टक्केवारी एका माणसाची शक्यता सांगत नाही. एखाद्याची खरी शक्यता वीस टक्के असेल, एखाद्याची शून्य, दोघं मिळून सरासरी दहाच. शिवाय पाच शाळांचे निर्णय एकमेकांपासून सुटे नसतात. सुतातच गाठ असेल तर ती पाचही टॉवेलांत उमटते. पदवीचे गुण पडते असतील, काम उथळ असेल, ‘एमबीए आत्ता का’ याचं उत्तर धूसर असेल, तर पाचही ठिकाणी तेच वाचलं जाणार. म्हणून अर्जांची संख्या वाढवण्याआधी गाठ सोडवायला हवी, आणि मग शाळा एकाच पायरीच्या न निवडता दोन-तीन पायऱ्यांवरच्या निवडाव्यात. प्रत्येक अर्जाला साधारण अडीचशे डॉलर जातात, हा खर्चही सोलापूरच्या घरात जाणवणारा आहे.

पदवीच्या गुणांबाबत एक गोष्ट लक्षात ठेवायची. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाची गुणपत्रिका असेल तर तिच्यावर जे आहे तेच भरावं. ६२ टक्क्यांचं स्वतःच्या मनाने अमेरिकेतल्या चारपैकी गुणांच्या मापात रूपांतर करून अर्जात टाकू नये. हार्वर्ड, स्टॅनफर्ड दोघंही मूळ मापच मागतात. भारतातल्या विद्यापीठांत ६५ टक्केही कमी नसतात, हे वाचणाऱ्यांना ठाऊक असतं, त्यांच्याकडे दरवर्षी आपल्याकडचे अर्ज ढिगाने येतात. बीकॉम, बीएस्सी केलेल्यांनी तीन वर्षांच्या पदवीची धास्ती घेऊ नये, या दोन्ही शाळा ती स्वीकारतात. पदवी इंग्रजी माध्यमातून झाली असेल तर टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेची अट अनेक ठिकाणी सुटते. त्यासाठी कॉलेजकडून माध्यमाचा दाखला वेळेत काढून ठेवावा.

युरोपात गणित थोडं वेगळं. इन्सीड या बिझनेस स्कूलचा अभ्यासक्रम दहा महिन्यांचा, फ्रान्समधलं फॉन्तेनब्लो आणि सिंगापूर अशा दोन ठिकाणी चालतो, वर्षातून दोनदा प्रवेश होतात, आणि वर्गाचं सरासरी वय २९च्या आसपास असतं. अनुभव जास्त असलेल्यांनी तिकडे जरूर बघावं. मिडियनचा अर्थ तिथेही तोच.

राहिला तो प्रश्न: ६६५वाल्याने परीक्षा पुन्हा द्यावी का? गणिताच्या भागात गुण खाली असतील तर द्यावी, विशेषतः पदवीतही गणित कच्चं असेल तर. तिन्ही भाग समतोल असतील आणि सराव परीक्षांत सातत्याने ६६५च येत असतील, तर तीन महिने त्यात घालू नयेत. ते महिने कामावर एखादी मोठी जबाबदारी मागून घेण्यात आणि निबंधाचे खर्डे पुन्हा पुन्हा लिहिण्यात जास्त सत्कारणी लागतात. हार्वर्डच्या पहिल्या फेरीची अर्जाची मुदत सप्टेंबरच्या सुरुवातीला असते, दुसरीची जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे आपल्या सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या आठवडाभर आधी. दुसरी फेरी धरायची असेल तर शिफारसपत्र देणाऱ्यांशी दिवाळीआधीच बोलून घ्यावं. आपल्याकडचे वरिष्ठ हो म्हणतात, पण अर्जाचा दुवा उघडायला त्यांना तीन वेळा आठवण करावी लागते.